मुलांच्या मानसिक उपचारांवर देखरेख हवीच

मुलांच्या मानसिक आजारात सरकारने नाक खुपसू नये, हे मत सुशिक्षितांतही सर्रास ऐकू येते. त्यामागे दोन युक्तिवाद आहेत. मुलाचे हित आईबापांइतके कोणाला कळणार, हा पहिला. मनोविकारतज्ज्ञ आधीच मोजके, त्यांच्यामागे तपासण्यांचा ससेमिरा लावला तर ते मुलांना दाखल करून घेणेच सोडतील, हा दुसरा.

पहिला युक्तिवाद २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यापुढे टिकत नाही. कलम ८७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल करण्याचा अर्ज सहसा पालकच करतात. मूल रुग्णालयात असेपर्यंत ते किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहते. मुलगी असेल तर सोबतीला स्त्रीच लागते. रुग्ण नातलगांसह राहतो ते घर तर कायद्यातील ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ या संज्ञेच्या व्याख्येतूनच वगळले आहे. म्हणजे देखरेख सुरू होते ती मूल घराबाहेर, संस्थेत ठेवले जाते तेव्हा.

तिथे ती हवी, कारण मुलाच्या वतीने सही दुसराच करतो, आणि सही करणारा थकलेला, घाबरलेला किंवा फसवला गेलेला असू शकतो. तमिळनाडूतील एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत गेले. अनेकांना नातलगांनीच, बरे होतील या श्रद्धेने, तिथे आणून सोडले होते. त्यांच्या मायेवर शंका घेण्याचे कारण नाही. पण दूर गावी बसलेल्या मायेला तिथला साखळदंड सोडवता आला नाही.

दुसऱ्या युक्तिवादातील टंचाई खरी आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले; एवढ्यांना मोजके तज्ज्ञ पुरणार नाहीत. जिथे तज्ज्ञ नाहीत तिथे बिगरपरवाना केंद्रे उभी राहतात, म्हणून टंचाईत देखरेखीची गरज वाढते. शिवाय कायद्याचा जाच तरी किती? दोघांनी, त्यांत किमान एका मनोविकारतज्ज्ञाने, मुलाला स्वतंत्रपणे तपासायचे. दाखल केल्यावर ७२ तासांत कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचे. मुक्काम ३० दिवसांचा झाला की मंडळाने आढावा घ्यायचा. विजेच्या झटक्यांचा उपचार मुलांना एरवी वर्ज्य आहे. तो अटळ वाटलाच तर पालकांच्या संमतीबरोबर मंडळाची पूर्वपरवानगी लागते. या मंडळात न्यायिक अध्यक्ष आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रतिनिधीबरोबर मनोविकारतज्ज्ञ व डॉक्टर असतात. स्वतः आजार सोसलेल्यांना, शुश्रूषा करणाऱ्यांना किंवा त्यांच्या संस्थांनाही जागा आहे. याला इन्स्पेक्टर राज म्हणता येणार नाही.

खरी तक्रार करायची तर मंडळे वेळेवर न नेमण्याची, त्यांच्या बैठका न होण्याची करावी. ही मंडळे आणि त्यांच्या बैठका सरकारकडे नेटाने मागायला हव्यात. आणि मुलाला दाखल करणाऱ्या प्रत्येक पालकाने रुग्णालयाला एक प्रश्न जरूर विचारावा: मंडळाला कळवले का?