न्यायासनावरून आयोगाकडे : न्या. गजेंद्रगडकर यांची कारकीर्द आणि आपण

आपल्या वस्तीत कोर्टाच्या निकालाची बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो – आपल्या बाजूने लागला की विरोधात? आणि सरकारने चौकशी आयोग नेमला की लोक म्हणतात, "झालं, आता अहवाल धूळ खात पडणार." दोन्ही गोष्टी अनुभवातून आलेल्या आहेत, त्या खोट्या म्हणता येणार नाहीत. पण न्यायाधीशाच्या हातात काय असते आणि आयोगाच्या हातात काय असते, हे समजल्याशिवाय आपण नीट मागणीही करू शकत नाही. म्हणून या स्मरणिकेसाठी आम्ही एका मराठी न्यायाधीशाची कारकीर्द निवडली आहे. त्यांच्या लेखणीने आपल्याला दिलेही आहे आणि आपल्यावर मर्यादाही घातल्या आहेत. ते म्हणजे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर.

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यात झाला. घराणे संस्कृत पंडितांचे. त्याच्या चारच महिने आधी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्याच साताऱ्यात बाळ भीमरावाचे नाव शाळेत दाखल झाले होते. गाव एकच. पण एकाच्या घरी पोथ्यांचे वाचन चाले आणि दुसऱ्याला वर्गात वेगळे बसावे लागे. पुढे दोघेही कायद्याच्या वाटेने गेले. एकाने देशाची घटना घडवली, तर दुसऱ्याने त्या घटनेचा अर्थ लावला. ही तुलना कुणाला लहान-मोठे ठरवण्यासाठी नाही. कायद्याच्या दारापर्यंत पोचण्याचा रस्ता सर्वांना सारखा नव्हता, एवढेच ध्यानात ठेवायचे.

धारवाड आणि पुणे येथे शिक्षण घेऊन गजेंद्रगडकर १९२६ साली मुंबईत वकिली करू लागले. हिंदू कायद्याचा त्यांचा अभ्यास मोठा होता. १९४५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. बाबासाहेबांनी मांडलेल्या हिंदू कोड बिलाला सनातनी मंडळी कडाडून विरोध करीत होती, तेव्हा शास्त्राच्या घरात वाढलेल्या या माणसाने त्या सुधारणेची बाजू घेतली, हे नमूद केलेच पाहिजे.

न्यायमूर्ती असतानाच त्यांच्याकडे चौकशीचे पहिले मोठे काम आले. बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, म्हणून केंद्रीय मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ साली राजीनामा दिला. प्रकरण चिघळले. मग बँक निवाडा आयोग नेमला गेला. त्याचे पहिले प्रमुख न्या. राजाध्यक्ष यांचे निधन झाल्यावर ते काम गजेंद्रगडकरांनी हाती घेऊन १९५५ साली पुरे केले. १९५५ सालीच त्यासाठी संसदेने कायदाही केला. चौकशी वेळेत झाली आणि सरकारची तयारी असली, तर अहवालाचा कायदा होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

जानेवारी १९५७ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथले त्यांचे तीन निकाल आपल्या घराघरांशी संबंधित आहेत.

पहिला निकाल १९६१ सालचा, रंगाचारी प्रकरणाचा. दक्षिण रेल्वेत अनुसूचित जाती-जमातींना बढतीत राखीव जागा ठेवण्यात आल्या. मद्रास हायकोर्टाने त्या रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे सुनावणी झाली. तिघे एका बाजूला, दोघे दुसऱ्या बाजूला. बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. नोकरीतले आरक्षण म्हणजे फक्त आत शिरण्याचे दार नव्हे, बढतीतही ते ठेवता येते, असा त्याचा अर्थ. रेल्वेत, पोस्टात, सरकारी कचेऱ्यांत आपली माणसे कारकुनाच्या खुर्चीवरून पुढे सरकली, त्यामागे हा निकालही उभा होता. १९९२ साली मंडल प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बढतीतले आरक्षण नाकारले. तेव्हा १९९५ साली ७७ वी घटनादुरुस्ती करून ते पुन्हा मिळवावे लागले. एकदा मिळालेले कायमचे मिळाले असे समजून चालत नाही, ते असे.

दुसरा निकाल १९६२ सालचा, बालाजी प्रकरणाचा. म्हैसूर सरकारने इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांत एकूण ६८ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. त्यांत अनुसूचित जातींच्या १५ आणि जमातींच्या ३ टक्के होत्या, बाकीच्या मागासवर्गांच्या. गजेंद्रगडकरांनी निकालात लिहिले की मागासलेपण ठरवताना जात ही एकमेव किंवा मुख्य कसोटी असू शकत नाही, आणि आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावे. आज सगळ्यांच्या तोंडी असलेली ५० टक्क्यांची मर्यादा इथून निघाली. २०२१ साली मराठा आरक्षणाचा कायदा याच मर्यादेवर अडला. २०२२ साली मात्र आर्थिक दुर्बल घटकांचे १० टक्के आरक्षण मान्य करताना बहुमताने ही मर्यादा अभेद्य नसल्याचे म्हटले. मग आम्ही विचारतो, जी रेषा एका घटकासाठी लवचिक होते, ती दुसऱ्यासाठी दगडाची का राहावी? प्रश्न रास्त आहे. पण तो विचारायचा तर मूळ निकाल वाचलेला असला पाहिजे.

तिसरा निकाल जानेवारी १९६६ मधला, गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असतानाचा. १९४७ च्या मंदिर प्रवेशाच्या कायद्याने अस्पृश्यांना देवळांची दारे उघडली. तेव्हा अहमदाबादच्या स्वामीनारायण पंथाच्या अनुयायांनी १९४८ साली दावा लावला. त्यांचे म्हणणे, आम्ही हिंदूच नाही, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. म्हणजे अस्पृश्याला आत घेण्यापेक्षा धर्माचे नाव सोडलेले बरे! अठरा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. पंथीयांच्या या भीतीमागे अंधश्रद्धा आणि अज्ञान आहे, असे गजेंद्रगडकरांनी स्वच्छ शब्दांत लिहिले.

मात्र याच निकालात त्यांनी बुद्धांचे नाव हिंदू विचार शुद्ध करू पाहणाऱ्या सुधारकांच्या मालिकेत घातले. हे आम्हाला मान्य नाही. ज्या विचाराने वेदप्रामाण्य आणि जन्मावरची उच्चनीचता नाकारली, त्याला त्याच झाडाची फांदी म्हणणे योग्य नव्हे. निकालातला न्याय स्वीकारावा आणि त्यातल्या इतिहासाशी वाद घालावा, एवढा विवेक आपल्यात असायला हवा.

आणखी एक गोष्ट. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना, १९६४ साली, सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या एका आमदाराची निवडणूक अवैध ठरवली. कारण काय, तर त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याचे जाहीर केले होते, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ते आता अनुसूचित जातीचे राहिले नव्हते. ज्याने उघडपणे धम्म सांगितला त्याची सवलत गेली! हा निकाल मुख्यतः त्या आदेशाच्या शब्दांवर उभा होता. म्हणून तो बदलायचा मार्गही कोर्टातून नव्हता, संसदेतून होता. १९९० साली कायदा बदलून बौद्धांचा समावेश झाला. मधली सव्वीस वर्षे आपल्या किती कुटुंबांना दाखल्यावर एक धर्म आणि मनात दुसरा असे जगावे लागले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

मार्च १९६६ मध्ये गजेंद्रगडकर निवृत्त झाले. पण घरी बसले नाहीत. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि एकामागून एक चौकशीची कामे त्यांच्याकडे आली. केंद्र सरकारी नोकरांच्या महागाई भत्त्याचा आयोग १९६६-६७ मध्ये. जम्मू, काश्मीर आणि लडाख या तीन भागांत विकास आणि नोकऱ्यांच्या वाटणीवरून तक्रारी होत्या, त्यांची चौकशी १९६७-६८ मध्ये. बनारस हिंदू विद्यापीठातील अशांततेची चौकशी १९६८-६९ मध्ये. पुढे १९७१ ते १९७७ ते विधि आयोगाचे अध्यक्ष होते.

या सगळ्यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणजे पहिला राष्ट्रीय श्रम आयोग. तो डिसेंबर १९६६ मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल ऑगस्ट १९६९ मध्ये आला. ज्यांची संघटना नाही, ज्यांचे काम आज आहे उद्या नाही, अशा असंघटित मजुरांची या आयोगाने वेगळी दखल घेतली. मैला वाहणाऱ्या आणि झाडू मारणाऱ्या कामगारांची स्थिती तपासण्यासाठी भानुप्रसाद पंड्या यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली. कोर्टात जो कधी पोचत नाही, वकील लावू शकत नाही, त्याच्यापर्यंत आयोगाला स्वतः जाता येते. आयोगाचे खरे बळ हेच.

आणि कमजोरीही तिथेच. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, म्हणजे अहवालानंतर चोवीस वर्षांनी. २०१३ साली दुसरा कायदा करावा लागला. तरी गटारात उतरून माणसे मरतातच. कोर्टाचा निकाल हुकूम असतो. आयोगाचा अहवाल ही शिफारस असते. सरकारने ती मानली तर मानली, नाही तर नाही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याने आयोग साक्षीदाराला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, पण शिक्षा देऊ शकत नाही. रमाबाई आंबेडकर नगरच्या ११ जुलै १९९७ च्या गोळीबारानंतर गुंडेवार आयोग नेमला गेला. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना हा फरक पहिल्यांदा कळला.

गजेंद्रगडकर १२ जून १९८१ रोजी वारले. त्यांच्या कारकिर्दीकडे पाहून आम्हाला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, कोणताही न्यायाधीश संपूर्ण आपला किंवा संपूर्ण परका नसतो. त्याचा प्रत्येक निकाल वेगळा तपासावा. दोन, आयोग बसला की आपले काम संपत नाही, सुरू होते. साक्ष द्यायला पुढे जायचे, दाखले-कागद जपून ठेवायचे, अहवालाची प्रत मागायची आणि त्यातली कोणती शिफारस किती वर्षे पडून आहे ते दरवर्षी मोजायचे. आपल्या विहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. तिथे महिन्यातून एक निकाल सोप्या मराठीत वाचला गेला, तर उद्या याच मुलांपैकी कुणी त्या खुर्चीवर बसेल, आणि बाकीचे तिच्यासमोर न घाबरता उभे राहतील.