पेटीवाल्याची पासोडी

बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाई येथें दासोपंतांची पासोडी जतन करून ठेविलेली आहे. दासोपंत (१५५१–१६१५) हे अफाट लिहिणारे ग्रंथकार होते. ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ, रागदारींत म्हणावयाचीं असंख्य पदें आणि शिवाय पंचीकरणाचें विवेचन, एवढा पसारा त्यांनीं एका आयुष्यांत उभा केला. यांपैकीं पंचीकरण त्यांनीं कागदाऐवजीं एका लांबरुंद पासोडीवर लिहून काढलें. कागदाला कसर लागते, पानें सुटतात, एखादें पान कोणी नेलें तर ग्रंथ लंगडा होतो. पासोडी उलगडली कीं सारा विषय एकदम डोळ्यांपुढें येतो.

लिहिणाराची ही सोय झाली. गाणाराची आणि वाजविणाराची पासोडी कोणती? सूर हवेंत विरला कीं संपला. ग्रामोफोनची तबकडी निघाल्यापासून या प्रश्नाला थोडें उत्तर मिळालें. अमेरिकेंत व युरोपांत तर आतां अशी रीतच पडली आहे कीं, जॅझ संगीतांतील एखाद्या नामांकित पियानोवादकाचें पहिल्यापासून अखेरपर्यंतचें वादन निवडून त्याचा एक संच काढावयाचा. त्यांत त्यानें एकट्यानें वाजविलेलें असतें, मेळांत वाजविलेलें असतें, दुसऱ्याच्या गाण्याला दिलेली साथ असते आणि त्यानें बांधलेल्या चालीही असतात. असा संच ऐकला म्हणजे त्या माणसाचें सबंध आयुष्य कानांवरून जातें. महाराष्ट्रांत पट्ट्यांचें वाद्य म्हणजे पेटी. या पेटीच्या इतिहासांत असा संच ज्याचा सर्वांआधीं निघावयास हवा, तो पुरुष म्हणजे गोविंदराव टेंबे. आणि नेमका त्यांचाच संच जमविणें इतकें अवघड कां होऊन बसलें, हा इतिहास पाहण्यासारखा आहे.

हार्मोनियम हें वाद्य मूळचें परदेशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें पॅरिस येथें तयार झालें. पायांनीं भाता हलवावयाचा आणि दोन्ही हातांनीं पट्ट्या दाबावयाच्या, असें तें उभें यंत्र होतें. कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं त्याला मांडी घालून वाजविण्याजोगें हातपेटीचें रूप दिलें, आणि मग तें बैठकींत शिरलें. महाराष्ट्रांत तिचा बडेजाव वाढविला तो संगीत नाटकांनीं. परळीच्या किंवा अंबेजोगाईच्या देवळांत आज कीर्तन उभें राहिलें, तर बुवांच्या मागें मृदंगाच्या जोडीला पेटीही असते. ती उपरी आहे हें ऐकणारांच्या ध्यानींही येत नाहीं.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालीं कोल्हापूरजवळील सांगवडे येथें झाला. पेटी ते कोणापुढें रीतसर बसून शिकले नाहींत. ऐकून शिकले. गुरु मानलें तें भास्करबुवा बखले यांना. शिवाय कोल्हापूर दरबारीं अल्लादियाखांसाहेब होते, आणि त्यांची गायकी कानीं पडण्याचें भाग्य गोविंदरावांना तरुण वयांतच लाभलें. गवयांच्या संगतींत राहून पेटीवर गळा आणण्याचा ध्यास त्यांनीं घेतला. तोंवर पेटी म्हणजे गवयाला सूर देणारी दासी होती. तिला एकटीला सभेपुढें बसवून तिचें स्वतंत्र गाणें लोकांना तासन्‌तास ऐकावयास लावणारांत टेंबे अग्रेसर होते.

पण पेटीवर ते थांबले नाहींत. १९११ सालीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें काकासाहेब खाडिलकरांचें ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें, त्याच्या चाली टेंब्यांच्या. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी पदांत साक्या, दिंड्या, कीर्तनी आणि कर्नाटकी चाली यांचा भरणा असे. टेंब्यांनीं त्या ठिकाणीं पूर्वेकडील ठुमरी-कजरीचा लडिवाळपणा आणला. त्या एका नाटकानें मराठी कानांची संवय बदलली म्हटलें तरी चालेल. पुढें १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व टेंबे अशा तिघांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. दोन वर्षांत टेंबे तींतून बाहेर पडले व शिवराज मंडळी त्यांनीं चालविली. बोलपट आला तेव्हां वयाची पन्नाशी उलटलेली असतांना, १९३२ सालीं, प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या चित्रांत हरिश्चंद्राची भूमिका त्यांनीं केली आणि संगीतही त्यांनींच दिलें. दुर्गाबाई खोटे तारामती होत्या. ‘मायामच्छिंद्र’ व ‘सैरंध्री’ हीं चित्रेंही लागोपाठ झालीं. नट, वादक, चाली देणारा, मंडळीचा मालक, ग्रंथकार: एवढे धंदे करूनही एकांतही कच्चा नाहीं, असा मनुष्य विरळा.

आतां या आयुष्याचा संच करावयाचा तर सामग्री कोणती?

प्रथम तबकडी पाहूं. त्या काळची दहा इंची तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें मावत. नाटकाचें पद तेवढ्यांत बसे, निदान बसवितां येई, आणि म्हणूनच नाट्यगीतांच्या तबकड्या खेडोपाडीं किल्लीच्या ग्रामोफोनवर वाजल्या. स्वतंत्र पेटीवादनाची गोष्ट निराळी होती. राग मांडावयाचा, एकेका सुराशीं थांबावयाचें, लय हळूहळू वाढवावयाची, मग बोटांची फिरत. याला अर्धा तासही थोडा. तीन मिनिटांत अस्थाई मांडून होते न होते तोंच सुई मधल्या कागदापाशीं येऊन पोहोंचे. टेंब्यांच्या पेटीच्या तबकड्या निघाल्या, परंतु बैठकींतले टेंबे त्यांत मावणें शक्यच नव्हतें. त्यांतून बोटांची तयारी कळते. विचार कसा चालला असेल याचा तर्कच करावा लागतो.

साथीची कथा याहून वाईट. साथीदाराचें नांव तबकडीवर छापण्याची तेव्हां रीत नव्हती. गाणाराचें नांव ठळक, रागाचें नांव खालीं, आणि पेटी कोणी धरली हें जाणत्यानें कानांनीं ओळखावें. बरें, टेंब्यांनीं ज्यांच्या मागें बसून आपली विद्या वाढविली, त्या भास्करबुवांची एकही ध्वनिमुद्रिका नाहीं. १९२२ सालीं बुवा वारले आणि त्यांचें गाणें त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांत उरलें तेवढेंच. अल्लादियाखांसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचाही आवाज यंत्रांत उतरला नाहीं. गवईच नाहीं तेथें साथीदार कोठून सांपडणार! गुरुशिष्यांची जी जोडी संचाच्या अग्रभागीं असावयाची, तेथें कोरी जागा सोडावी लागते.

राहिली आकाशवाणी. तेथें वेळ तीन मिनिटांनीं बांधलेला नव्हता. परंतु १ मार्च १९४० रोजीं ऑल इंडिया रेडिओनें आपल्या सर्व केंद्रांतून पेटीला बंदी केली. त्या वेळचे मुख्याधिकारी लायनेल फील्डन यांना हें वाद्य अगदीं नावडतें होतें. रेडिओवरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं त्याआधींच पेटीविरुद्ध टीकेची झोड उठविली होती. रवींद्रनाथ टागोरांसारख्या थोर पुरुषाचाही पेटीवर रोष होता. टेंबे तेव्हां अठ्ठावन्न वर्षांचे होते.

विरोधकांचें म्हणणें खोटें होतें असें मात्र कोणीं समजूं नये. पेटीचे बारा सूर ठरलेले. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तींतून निघत नाहीं, आंदोलन निघत नाहीं. शिवाय तिचे सूर पाश्चात्य पद्धतीनें समान अंतरांवर लावलेले, त्यामुळें तिचा गंधार भारतीय गवयाच्या गंधाराशीं तंतोतंत जुळत नाहीं. हें महाराष्ट्रांत रेडिओच्या फार पूर्वीं ओळखलेलें होतें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साह्यानें श्रुतींची खास पेटीही तयार करविली. ती पेटी प्रचारांत आली नाहीं. वाजवावयास अवघड आणि करावयास महाग, मग चालणार कशी? तेव्हां दोष खरा, पण त्याला उपाय दोन होते. एक देवलांचा, वाद्य बदलण्याचा. दुसरा टेंब्यांसारख्यांचा, बोटांनीं कानाला भुलविण्याचा: पट्टी अर्धवट दाबणें, शेजारच्या सुराचा निसटता कण देणें, भात्याचा दाब कमीअधिक करणें. रेडिओनें तिसराच मार्ग पत्करला आणि दार लावून घेतलें. वाईट पेटीवाल्यांचा त्रास चुकविण्यासाठीं चांगल्यांनाही बाहेर ठेविलें, हा त्या निर्णयांतला अन्याय होय.

ही बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. १९७१ सालीं ती सैल झाली, तीही अटींसह. टेंबे १९५५ सालींच निवर्तले होते.

त्याच सुमारास अमेरिकेंत काय घडलें तें पाहिलें म्हणजे हानीचें माप नीट कळतें. न्यू ऑर्लीन्स शहराचा जेली रोल मॉर्टन हा जॅझच्या पहिल्या पिढींतला पियानोवादक. १९२६ च्या सुमारास त्याच्या मेळाच्या तबकड्या फार गाजल्या, पुढें काळ फिरला आणि १९३८ सालीं तो वॉशिंग्टनमधील एका सामान्य क्लबांत पियानो वाजवून पोट भरीत होता. गृहस्थ मोठा बढाईखोर. १९०२ सालीं जॅझ आपणच निर्माण केला असें तो छातीठोकपणें सांगे. त्या वर्षीं ॲलन लोमॅक्स नांवाच्या तेवीस वर्षांच्या तरुणानें त्याला तेथील सरकारी काँग्रेस ग्रंथालयांत बोलाविलें, पियानोपुढें बसविलें आणि यंत्र सुरू केलें. मॉर्टन बोलूं लागला व वाजवूं लागला. लहानपणीं ऐकलेलें, गल्लीबोळांत शिकलेलें, इतर वादक कसे वाजवीत याच्या नकला, स्वतःच्या चाली, सारें त्यानें तबकड्यांमागून तबकड्यांवर ओतलें. आठ तासांहून अधिक मुद्रण झालें. १९४१ सालीं मॉर्टन वारला. त्याच्या पश्चात् हें मुद्रण हप्त्याहप्त्यानें बाहेर आलें, आणि २००५ सालीं तें साग्र संचाच्या रूपानें प्रसिद्ध झालें. त्याच्या बढाईसकट त्याचें आयुष्य शाबूत राहिलें, तें एका ग्रंथालयानें वेळेवर यंत्र लावलें म्हणून.

टेंब्यांपुढें असें यंत्र कोणी ठेविलें नाहीं. त्यांनीं लेखणी घेतली. १९३९ सालीं ‘माझा संगीत-व्यासंग’ आणि १९४८ सालीं ‘माझा जीवनविहार’ हीं त्यांचीं पुस्तकें निघालीं. पुढें अल्लादियाखांसाहेबांचें चरित्रही त्यांनीं लिहिलें. मराठींत संगीतावर एवढें रसाळ व जाणतें लिहिणारे त्या पिढींत फार नव्हते. ज्या बैठकी मुद्रित झाल्या नाहींत, त्या या पुस्तकांतून शब्दांनीं ऐकावयास मिळतात. दासोपंतांच्या पासोडीशीं नातें जुळतें तें येथें. मात्र पंचीकरण हें मुळांतच शब्दांचें होतें, आणि पेटीचें तसें नव्हतें.

टेंब्यांनंतरच्या पेटीवाल्यांचें नशीब कांहींसें बरें. आप्पा जळगांवकर (१९२२–२००९) हे मराठवाड्याचेच, जालन्याच्या बाजूचे. पेटीवर बंदी आली तेव्हां ते अवघे सतरा-अठरा वर्षांचे होते, आणि ती सैल झाली तेव्हां पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पण तोंपर्यंत दीर्घ मुद्रिका निघाली होती. एका बाजूस वीस मिनिटें मावूं लागलीं, आणि वेष्टनावर साथीदाराचें नांव छापूं लागले. भीमसेन जोशी यांच्यासारख्यांच्या गाण्यामागें जळगांवकरांची पेटी आज कोणालाही नांवानिशीं ऐकतां येते. गोव्याकडील तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना तर २०१६ सालीं पद्मश्री मिळाली.

टेंब्यांचे मात्र तुकडेच गोळा करावयाचे. शौकिनांच्या कपाटांतील कांहीं तबकड्या, इतरांच्या गळ्यांतून उतरलेल्या ‘मानापमाना’च्या चाली आणि ‘अयोध्येचा राजा’ हें चित्र. तें चित्र सुदैवानें शिल्लक आहे. पार्श्वगायनाची युक्ति तेव्हां निघाली नव्हती, म्हणून त्यांत ऐकूं येणारा आवाज टेंब्यांचा स्वतःचाच. पडद्यावर ते बोलतात, चालतात, गातात. पण हरिश्चंद्राच्या वेषांत असल्यामुळें पेटी तेवढी त्यांच्या हातीं नाहीं.