अवधान, दोष आणि प्रगतिपुस्तक

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ‘अवधान’ हा शब्द नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभीच ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. मागितले की ते देता येते, हे त्या विनवणीत गृहीत आहे; आपल्या शाळाही त्याच गृहीतकावर चालत आल्या. ज्या मुलाला ते देता येत नाही, त्याच्यासाठी द्वाड, नाठाळ, धांदरट, वेंधळा असे शब्द आपल्याकडे मुबलक आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्द दोष मुलाच्याच पदरात टाकतो. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजेच एडीएचडी, या अवस्थेविषयीचे बहुतेक गैरसमज या शब्दांच्या आश्रयानेच टिकले आहेत, असे आम्हांस वाटते.

युरोपातही आरंभ दोषारोपानेच झाला. १८४०च्या दशकात फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिश हॉफमान यांनी आपल्या बालपुस्तकात जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणारा फिलिप रंगवला, तो इतर मुलांना धडा म्हणून. १९०२ साली लंडन येथील व्याख्यानांत जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांची बुद्धी शाबूत असू शकते हे नोंदवले. तरीही उणीव ‘नैतिक नियंत्रणा’ची ठरवली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९६८ साली भर चळवळेपणावर होता, १९८० साली तो अवधानावर आला आणि १९८७ साली आजचे नाव मिळाले. २०१३च्या आवृत्तीने प्रौढांसाठी निकष सैल केले. ‘मोठेपणी सुटते’ ही समजूतही त्यामुळे सरसकट खरी उरत नाही.

अंधेरी-बोरिवलीत काय किंवा मुलुंड-घाटकोपरमध्ये काय, आज पालकांच्या बोलण्यात एक कारण हमखास येते: खेळायला अंगण उरले नाही, हाती मोबाइल आला, म्हणून मुले अशी झाली. पण फिलिपच्या घरी मोबाइल नव्हता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत या अवस्थेतील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आढळला आहे.

महाराष्ट्रात या विषयाला वाट मिळाली ती डिस्लेक्सियाच्या निमित्ताने. १९९६ साली राज्य शासनाने अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती दिल्या. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. अमोल गुप्ते यांनी लिहिलेल्या ‘तारे जमीं पर’ने २००७ साली हा शब्द घरोघर पोहोचवला. मात्र त्यातील ईशानची अडचण अक्षरांची आहे. दोन्ही अवस्था पुष्कळदा एकत्र आढळतात, पण त्या एक नव्हेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही.

‘न्यूनता’ हा शब्दही फसवा आहे. हेच मूल आवडत्या कामात तासन्‌तास बुडून जाते, आणि मग ‘मनात आणले तर जमते’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः अवधान असते. ते हवे तेथे वळवणे हाती नसते. मागच्या बाकावर शांत बसून हरवलेली मुलगी तर कोणाला त्रासच देत नाही. म्हणून तिचे निदान राहून जाते, आणि ती जन्मभर ‘वेंधळी’च ठरते.

‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा प्रगतिपुस्तकातील शेरा आपण साहित्याच्या शिक्षकांनी एखाद्या संहितेसारखा वाचायला हवा. ‘देत नाही’ आणि ‘देता येत नाही’ यांतील अंतर व्याकरणापुरते नाही. पहिल्या वाचनातून शिक्षा निघते, दुसऱ्यातून तज्ज्ञाकडे जाण्याचा रस्ता.