पोस्टरवरची बारीक अक्षरं

२०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, सेकंड इयरची सबमिशन्स डोक्यावर असताना, आम्ही चार जण होस्टेलच्या खोलीत बसून एक एक्सेल शीट बनवत होतो. रकाने असे: बँडचं नाव, शहर, कुठल्या स्टेजवर, गाण्याची लिंक, आणि दहापैकी गुण. पुण्यातला एनएच७ वीकेंडर तोंडावर आला होता. पोस्टरवर सगळ्यात वर ए. आर. रहमान, त्याखाली परदेशी पाहुणे, आणि मग अक्षरं लहान लहान होत जाणारी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतो त्या तक्त्यासारखी. शेवटच्या ओळी वाचायला फोनवर झूम करावं लागत होतं.

तिकीट रहमानसाठी काढलं होतं, खोटं कशाला बोलू? पण रहमान दोन तासांत संपणार आणि महोत्सव तीन दिवस चालणार. पैसे वसूल करायचे तर बारीक अक्षरांत काय दडलंय ते आधी शोधायला हवं होतं. प्रत्येकाने दहा-दहा नावं वाटून घेतली. साउंडक्लाउड, यूट्यूब, बँडकँप. रात्री दोनला कुणीतरी हेडफोन काढून "हे ऐक, हे ऐक" म्हणत दुसऱ्याच्या कानात कोंबायचं. खरं सांगायचं तर मैदानात ऐकलेल्या संगीतापेक्षा मला त्या दहा-बारा रात्री जास्त आठवतात.

गेल्या वर्षी जुना लॅपटॉप विकायला काढला तेव्हा ती शीट सापडली. सहज लिंका उघडून पाहिल्या. बऱ्याच मेल्या होत्या. काही ठिकाणी 'ट्रॅक उपलब्ध नाही', काही ठिकाणी अकाउंटच गायब. एका बँडला मी स्वतः नऊ गुण दिले होते आणि त्यांचं एकही गाणं मला आता कुठेच मिळेना. चालही आठवेना. फक्त नऊ हा आकडा शिल्लक.

तेव्हा प्रश्न पडला, की आमच्या आधीचे लोक हे कसं करायचे? लिंकच नव्हती तेव्हा पोस्टरवरच्या अनोळखी नावाचं काय करायचं?

हा प्रश्न मी आधी एका मित्राच्या काकांना विचारला. ते गिरगावात वाढलेले, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कॉलेजात होते आणि कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. "काका, आय-रॉकला जाण्याआधी तुम्हाला कसं कळायचं कोण चांगलं वाजवणार आहे?"

"कळायचं कुठे रे? जायचं आणि ऐकायचं. वाईट असेल तर ओरडायचं."

आय-रॉक म्हणजे इंडिपेंडन्स रॉक. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी सुरू केलेला, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास होणारा महोत्सव, नाव त्यावरूनच. जागा धोबी तलावाजवळचं रंगभवन. वर उघडं आकाश, ऑगस्टचा पाऊस, आणि एकामागोमाग एक बँड. याच रंगभवनात १९७८ पासून जॅझ यात्राही भरत असे. काका ठाकूरद्वारहून चालत जायचे. घरी काय सांगून जायचे ते त्यांनी सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी कॉलेजातले बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवायचे. डीप पर्पल, लेड झेपलिन, आयर्न मेडन. जो मूळ रेकॉर्डच्या जास्तीत जास्त जवळ जाईल तो भारी. म्हणजे 'नवा बँड शोधणं' याचा अर्थच वेगळा होता: ओळखीची गाणी अनोळखी पोरं कशी वाजवतात ते पाहायचं. काका म्हणाले, आमचं स्वतःचं गाणं सुरू केलं की लोक मूतायला जायचे. म्हणूनच रॉक मशीन या मुंबईच्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' काढला, हे धाडस होतं. याच बँडने पुढे १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं.

या सगळ्याच्या मागे जायचं तर १९७० आणि ७१ च्या सिमला बीट स्पर्धेपर्यंत जाता येतं. सिमला हा सिगारेटचा ब्रँड. कंपनीने देशभरच्या बँडांची स्पर्धा घेतली आणि निवडक बँडांची गाणी दोन एलपींवर काढली. शिलाँगचे फेनटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, अशी नावं. जाहिरातीसाठी काढलेल्या या तबकड्या पुढे युरोपातल्या संग्राहकांनी शोधल्या आणि तिकडे त्या पुन्हा छापल्या गेल्या. यातल्या अनेकांचा आवाज आज फक्त त्या एलपींवर आहे, बाकी कुठेही नाही. सिगारेट कंपनीला इतिहास जपायचा नव्हता, सिगारेट खपवायच्या होत्या. वीकेंडरच्या नावाआधीही अनेक वर्षं बकार्डी लागलेलं असायचं, कारण दारूची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही पण मैदानावर पाटी लावता येते. तंबाखूपासून रमपर्यंत, या देशातल्या बँडांचा खर्च कोणी उचलला यावर कुणीतरी वेगळा लेख लिहावा.

आता अलाहाबाद. रॉक संगीताच्या नकाशावर अलाहाबाद कुठे असेल असं मला तरी वाटलं नव्हतं. पण १९९३ मध्ये अमित सैगल यांनी 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक तिथूनच सुरू केलं. मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की मुंबई, दिल्ली, बंगळुरू, शिलाँग या एकमेकांना न ओळखणाऱ्या गावांना जोडणारं केंद्र एक असं शहर होतं, जिथे स्वतःचं असं रॉकचं वातावरण नव्हतं. जोडणारी गोष्ट होती टपाल. बँड आपल्या डेमो कॅसेट पाठवायचे, मासिकात त्यांच्याबद्दल छापून यायचं, आणि कोट्टायम किंवा ऐझॉलमधल्या एखाद्या पोराला कळायचं की आपल्यासारखे आणखीही आहेत. नेटवर्किंग शिकवताना आमचे सर 'हब' समजावायला विमानतळाचं उदाहरण द्यायचे. त्यांनी अलाहाबादचं पोस्ट ऑफिस द्यायला हवं होतं.

१९९७ पासून याच मंडळींनी ग्रेट इंडियन रॉक हा महोत्सव सुरू केला आणि त्याच नावाने निवडक बँडांची गाणी एकत्र करून कॅसेटही काढली. भर स्वतः रचलेल्या गाण्यांवर. डेमो पाठवायचा तर स्वतःचं गाणं हवं, आणि स्वतःचं गाणं हवं म्हणून पोरं गाणी लिहायला लागली. कॅसेटवर प्रत्येक बँडचं एखादं गाणं. ती कॅसेट म्हणजे आमची एक्सेल शीटच होती, फक्त गुणांचा रकाना तुम्ही मनात भरायचा. सैगल यांना लोक 'पापा रॉक' म्हणायचे. जानेवारी २०१२ मध्ये गोव्यात समुद्रात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

जगात इतरत्रही हे असंच घडत होतं. इंग्लंडमध्ये १९८६ साली, म्हणजे आय-रॉक सुरू झाला त्याच वर्षी, एनएमई या साप्ताहिकाने 'सी८६' नावाची कॅसेट काढली. बावीस बँड, बहुतेक छोट्या स्वतंत्र लेबलांचे, आणि जोडीला लंडनमध्ये आठवडाभर त्यांचे कार्यक्रम. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र कंपनीने काढलेलं संगीत हा व्यवहारी अर्थ मागे पडून 'इंडी' हा एक आवाज, एक शैली झाली, यात त्या कॅसेटचा मोठा हात आहे. आपल्याकडे मात्र हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ पुन्हा बदलला. आपल्याकडे स्वतंत्र म्हणजे कुणापासून? मोठ्या रेकॉर्ड कंपनीपासून नव्हे, सिनेमापासून. मेटल वाजवणारा, सूफी गाणारा, लॅपटॉपवर ठोके जुळवणारा, हे सगळे आपल्याकडे 'इंडी', कारण यातल्या कुणाच्याही गाण्यावर हिरोइन नाचत नाही. म्हणूनच वीकेंडरच्या पोस्टरवर वर रहमान आणि खाली ही मंडळी, हे चित्र मला आता थोडं गमतीदार वाटतं.

रंगभवन गेलं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर तेव्हा शांतता क्षेत्र धरला जायचा, आणि रंगभवनाच्या एका अंगाला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा हॉस्पिटल. आय-रॉक पुढे अंधेरीकडे सरकला. काका याबद्दल अजून चिडतात. मला वाटतं पेशंटची झोप महत्त्वाचीच आहे; राग यायचा तर याचा यावा, की ती जागा बंद करताना दक्षिण मुंबईत तशी दुसरी जागा कुणी उभी केली नाही.

तोवर इंटरनेट आलं. दिल्लीच्या परिक्रमाने आपली गाणी वेबसाइटवर फुकट ठेवली. कॅसेट विकून पैसे मिळत नाहीत तर निदान गाणी तरी पोचू देत, हा सरळ हिशेब. कॉलेजच्या हॉस्टेलांत ती एका मशीनवरून दुसऱ्यावर फिरली. मग मायस्पेस, मग साउंडक्लाउड. डिसेंबर २०१० मध्ये कोरेगाव पार्कात पहिला वीकेंडर भरला तोपर्यंत पोस्टर आणि लिंक यांची जोडी जुळली होती. नाव वाचा, शोधा, ऐका, ठरवा. आम्ही नशीबवान होतो असं मी बरीच वर्षं समजत होतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं. पुढच्याच महिन्यात मायस्पेसने मान्य केलं की सर्व्हर मायग्रेशन करताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं सगळं संगीत गेलं. बातम्यांनुसार पाच कोटींहून जास्त गाणी. मी तेव्हा नोकरीच्या पहिल्या वर्षात होतो, माझ्याच टीममध्ये एक डेटाबेस हलवण्याचं काम चाललं होतं, आणि ती बातमी वाचून ऑफिसात सगळे हसले होते. मीही हसलो. बॅकअप नव्हता म्हणे! नंतर कळलं की काही संशोधकांनी अभ्यासासाठी उतरवून ठेवलेली ४ लाख ९० हजार गाणी त्यांच्याकडे होती, ती इंटरनेट अर्काइव्हने लोकांसाठी खुली केली. पाच कोटींपैकी एक टक्कासुद्धा नाही. त्या काळात देमो चढवणाऱ्या भारतातल्या किती बँडांचं एकमेव रेकॉर्डिंग त्यात होतं, हे मोजायला आता काही साधनच नाही. १९७१ मधल्या फेनटोन्सचं गाणं मिळतं, २००८ मधल्या पुण्याच्या एखाद्या बँडचं मिळत नाही.

आणि नवं शोधायचं काम आता अल्गोरिदमकडे आहे. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो: तुमच्यासारखी आवड असलेल्या लोकांनी काय ऐकलं यावरून तुम्हाला गाणं सुचवलं जातं. ज्याला अजून कुणीच ऐकलेलं नाही त्याच्याबद्दल यंत्राकडे सांगण्यासारखं काही नसतं. आमच्या भाषेत याला कोल्ड स्टार्ट म्हणतात आणि त्यावर तात्पुरती मलमपट्टी सोडून कुणाकडे फारसं उत्तर नाही. पोस्टरकडे होतं. रहमानसाठी आलेली गर्दी जेवणाच्या स्टॉलकडे जाताना वाटेतल्या छोट्या स्टेजसमोर थबकायची. रंगभवनात तर जायलाच जागा नव्हती, पुढचा बँड ऐकावाच लागायचा.

काकांच्या माळ्यावर त्यांच्या बँडची एक कॅसेट निघाली. बँडचं नाव देत नाही, त्यातल्या दोघांना आवडणार नाही असं ते म्हणाले. कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, साध्या डेकवर, एकदाच रेकॉर्ड केलेली तीन स्वतःची गाणी. दुसरी प्रत नाही. मुंबईच्या दमटपणाने टेपवर पांढरी बुरशी धरली होती. मी आणि मित्राने कॅसेटचे स्क्रू काढले, टेप हाताने सावकाश गुंडाळत मऊ कापडाने पुसली, नव्या खोक्यात बसवली. जुना डेक मिळवला. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. मग हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहिलो, आणि एका क्षणी झांजा स्पष्ट झाल्या.

पहिलं गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी ओरडतं, "अरे, पंखा बंद कर." मग खुर्ची सरकते, काड्यांचे चार ठोके, आणि बास. "हा मी," काका म्हणाले, आणि पुढे गाणं संपेपर्यंत बोलले नाहीत. गाणं काही फार थोर नाही. मी दहापैकी सहा दिले असते.

फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. कॅसेटची दुसरी बाजू अजून बाकी आहे, तिकडे बुरशी जास्त आहे.