विक्रम भू-केंद्र, आर्वी

पुणे–नाशिक महामार्गावरील नारायणगावाजवळ, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे (वर्धा जिल्ह्यातली आर्वी वेगळी) 1971 मध्ये सुरू झालेले भारताचे पहिले व्यापारी उपग्रह-संदेशवहन केंद्र. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. विक्रम साराभाई त्याच वर्षी 30 डिसेंबरला निवर्तले. केंद्राला त्यांचेच नाव आहे. देशाचा पहिला भूस्थिर संदेशवहन उपग्रह म्हणून 1981 च्या ‘ॲपल’चा उल्लेख होतो आणि तो रास्तच आहे. पण भूस्थिर उपग्रहामार्फत परदेशाशी नित्याची संभाषणे त्याच्या दहा वर्षे आधी आर्वीतून होऊ लागली होती, म्हणून या विद्येचा आपल्याकडील आरंभ आर्वीपासून धरणे योग्य. उपग्रह इंटेलसॅट या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, आपण नुसते गिऱ्हाईक, असा आक्षेप यावर घेता येतो. तो अर्धाच खरा आहे. 1969 मध्ये हिंदी महासागरावर इंटेलसॅट-3 मालिकेतील उपग्रह स्थिरावला आणि इंटेलसॅटचे जाळे जगभर पोचले, हे खरे. मात्र त्या पिढीच्या उपग्रहांची प्रक्षेपणशक्ती मोजक्या वॅटची होती. 35,786 किलोमीटरवरून येणारा तो क्षीण संकेत टिपण्यासाठी सुमारे 30 मीटर व्यासाची, अचूक फिरणारी तबकडी लागे. अवघड काम जमिनीवरच होते. ते परदेशी कंपनीकडून तयार करून घेता आले असते. साराभाईंच्या आग्रहामुळे ते अणुऊर्जा खात्याकडे आले. काही उपकरणे बाहेरून आली, पण बांधणीची जबाबदारी इथल्या अभियंत्यांवर होती. मग अहमदाबादचे 1967 मधले केंद्र पहिले का नव्हे? ते प्रयोग आणि प्रशिक्षण यांसाठी होते. रोजची वाहतूक सांभाळणे हे निराळेच काम.

जागेची निवडही विचारपूर्वक झालेली दिसते. उपग्रह वापरत असलेल्या 4 आणि 6 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांतच जमिनीवरच्या मायक्रोवेव्ह जोडण्याही चालत, त्यामुळे मुंबईच्या गजबजाटात हा कान निकामी ठरला असता. आर्वीभोवतीचे डोंगर आडव्या लहरी अडवतात. तबकडी मात्र नैर्ऋत्येला बरीच वर पाहत असे, त्यामुळे तिच्या वाटेत ते येत नसत. जवळच्या खोडदला पुढे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली, त्यामागेही रेडिओ-शांतता हे एक कारण होतेच. तसा पुणे जिल्ह्याला हा व्यवसाय नवा नव्हता: 1927 च्या बीम वायरलेस सेवेचे प्रक्षेपण खडकीहून होई, ग्रहण दौंडला. लघुलहरींवरचे संभाषण आयनांबराच्या लहरीवर अवलंबून असे, आवाज मध्येच विरून जाई. उपग्रहाने आवाज स्थिर केला, पण एका दिशेला सुमारे पाव सेकंदाचा उशीर पदरात टाकला. प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत अर्धा सेकंद जाई. समुद्रतळावरच्या प्रकाशीय तंतूंच्या तारांत हा उशीर जाणवत नाही आणि त्यांची क्षमताही कितीतरी मोठी. 1990 नंतर अशा तारा मुंबईला आल्या आणि परदेशी संभाषणाचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला.