सिनेटर जेरेमाया डेंटन : बंदिवास आणि राजकारण

जेरेमाया डेंटन (१५ जुलै १९२४ - २८ मार्च २०१४) हे अमेरिकेच्या नौदलातील रिअर ॲडमिरल आणि अलाबामा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर होते. त्यांचा जन्म अलाबामातील मोबील या शहरी एका कॅथलिक कुटुंबात झाला. ॲनापोलिस येथील नौदल अकादमीतून १९४६ साली पदवी घेऊन ते वैमानिक झाले. त्याच वर्षी जेन मौरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सात अपत्ये झाली.

१८ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआ येथे हल्ला करीत असताना त्यांचे विमान कोसळले आणि ते शत्रूच्या हाती सापडले. मे १९६६ मध्ये प्रचारासाठी त्यांना दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे बसविण्यात आले. आपल्या शासनाची जी भूमिका असेल तिला आपला पाठिंबा आहे, असे त्यांनी तेथे निर्भयपणे सांगितले. त्याच वेळी प्रखर दिव्यांचा त्रास होत असल्याचे भासवून, पापण्यांच्या उघडझापीने मोर्स लिपीत त्यांनी 'टॉर्चर' म्हणजे 'छळ' हा शब्द कळविला. अमेरिकन युद्धकैद्यांचा छळ होत असल्याची ती पहिली खात्रीलायक साक्ष ठरली. सुमारे साडेसात वर्षांच्या बंदिवासापैकी चार वर्षे त्यांनी एकांत कोठडीत काढली. प्रार्थनेनेच आपल्याला तारले, असे ते पुढे आवर्जून सांगत. १२ फेब्रुवारी १९७३ रोजी त्यांची सुटका झाली.

१९७७ साली नौदलातून निवृत्त झाल्यावर कुटुंबसंस्थेच्या रक्षणासाठी त्यांनी सार्वजनिक कार्य आरंभिले. १९८० साली ते सिनेटवर निवडून आले. प्रोटेस्टंटबहुल अलाबामात राज्यव्यापी निवडणूक जिंकणारे ते पहिले कॅथलिक होत. गर्भपाताला त्यांचा ठाम विरोध होता. त्यांच्या पुढाकाराने १९८१ साली किशोरवयीन कुटुंबजीवन कायदा संमत झाला. लैंगिक संयमाचे शिक्षण, तसेच गर्भवती किशोरींची काळजी आणि दत्तकविधान यांसाठी त्यातून निधी मिळू लागला. टीकाकारांनी त्याची 'ब्रह्मचर्य कायदा' म्हणून थट्टा केली. धार्मिक संस्थांना सरकारी पैसा द्यावा काय, हा आक्षेप गंभीर होता. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा वैध ठरविला. मात्र त्याच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीची तपासणी कनिष्ठ न्यायालयाकडे सोपविली.

तत्त्वाशी तडजोड न करणे हा बंदिवासात त्यांचा आधार होता. राजकारणात मात्र तोच गुण अनेकांना ताठरपणा वाटला. १९८६ साली रिचर्ड शेल्बी यांच्याकडून ते अगदी थोड्या मतांनी पराभूत झाले. त्यांची सिनेटमधील कारकीर्द बंदिवासाहूनही अल्प ठरली.

तरीही त्यांचे एक कार्य पक्षभेदापलीकडचे आहे. लष्करी विमानांतील रिकाम्या जागेतून सेवाभावी संस्थांची मदतसामग्री विनामूल्य परदेशी पाठविण्याची तरतूद त्यांनी १९८५ साली करून घेतली. ती 'डेंटन योजना' म्हणूनच ओळखली जाते. ज्या विमानांनी त्यांनी युद्ध पाहिले, तशाच लष्करी विमानांतून गरजूंपर्यंत औषधे आणि अन्न पोहोचले. २०१४ साली निधनानंतर आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.