टेरी फॉक्सची दौड आणि त्याचे आईवडील

कॅनडात टेरी फॉक्सच्या नावाचे रस्ते आहेत, शाळा आहेत, रॉकी पर्वतरांगेत एक शिखर आहे. टपाल तिकिटावर आणि डॉलरच्या नाण्यावर त्याची आकृती आहे. एक पाय स्वतःचा आणि एक कृत्रिम, अशा अवस्थेत १९८० साली अर्धाअधिक देश धावत ओलांडणारा हा मुलगा त्या देशाच्या दंतकथेत जाऊन बसला आहे. दंतकथेत नायकाचे आईवडील बहुधा कडेला उभे असतात. टेरीच्या बाबतीतही तसेच झाले. पण हीच हकिकत घराच्या आतून पाहिली, तर तिचा बराचसा भार आईने, बेटी फॉक्स यांनी, वाहिलेला दिसतो. (मराठी कानाला ‘बेटी’ म्हणजे लेक, इथे ते आईचे नाव आहे.) आणि त्यांच्या वाट्याची सुरुवात पाठिंब्याने नव्हे, विरोधाने झाली.

वडील रोलंड ऊर्फ रोली फॉक्स रेल्वेच्या यार्डात सांधे बदलण्याचे काम करीत. चार मुलांत टेरी दुसरा, जन्म २८ जुलै १९५८, विनिपेगचा. पुढे कुटुंब पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम या गावी स्थिरावले. टेरीला बास्केटबॉलचे वेड, पण उंची कमी आणि खेळ बेताचा. शाळेतल्या प्रशिक्षकाने त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळवू पाहिले. धावणे टेरीला आवडत नसे. प्रशिक्षकाला वाईट वाटू नये म्हणून तो धावे आणि बास्केटबॉलचा हट्ट मात्र सोडत नसे.

मार्च १९७७मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याच्या उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला. पाय गुडघ्याच्या वर पंधरा सेंटिमीटरवर कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एका प्रशिक्षकाने त्याला मासिकातला एक लेख आणून दिला. न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी केलेल्या डिक ट्रॉम या कृत्रिम पायाच्या धावपटूविषयी तो होता. नंतर सोळा महिने केमोथेरपी चालली. जगण्याची शक्यता निम्मी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दोनच वर्षांपूर्वी ती शंभरात पंधरा एवढीच असती. हा फरक संशोधनाने पाडला, हे त्या मुलाच्या मनात पक्के बसले. आजूबाजूच्या खाटांवरची मुले जाताना त्याने पाहिली होती. पैसा गोळा करायचा तो संशोधनासाठी, हा त्याचा आग्रह तिथला आहे.

मग सराव सुरू झाला. घरी त्याने सांगितले ते एवढेच, की एखादी मॅरेथॉन धावायची आहे. खरा बेत ठाऊक होता तो डग अल्वर्ड या मित्राला. कृत्रिम पायातली स्प्रिंग प्रत्येक पावलानंतर पूर्ववत होईपर्यंत चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे. त्यामुळे त्याची चाल लंगडीच्या खेळासारखी दिसे. राहिलेल्या मांडीला फोड येत, ते फुटत, रक्त येई. सलग शंभर दिवसांहून अधिक तो धावत राहिला, आणि नाताळच्या एका दिवशी थांबला तो केवळ आईने मागणे घातले म्हणून. आईच्या शब्दाला त्या घरात किती वजन होते, याची ही एक छोटी नोंद आहे. बेत कळल्यावर मात्र त्या वजनाचा उपयोग झाला नाही.

१९७९च्या उन्हाळ्याअखेरीस प्रिन्स जॉर्ज येथे तो एका शर्यतीत धावला, शेवटचा आला, पण पूर्ण धावला. त्यानंतर त्याने घरी सांगितले: संपूर्ण कॅनडा धावत ओलांडायचा, एका समुद्रापासून दुसऱ्यापर्यंत. बेटी संतापल्या. हा वेडेपणा आहे, धावायचेच असेल तर आपल्या प्रांतापुरते धाव, असे त्यांचे म्हणणे होते. रोलींनी मात्र एकच प्रश्न विचारला: कधी?

ही गोष्ट सांगताना वडिलांच्या त्या एका शब्दाचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण आईच्या नकाराला ‘सुरुवातीचा गैरसमज’ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. दीड वर्ष ज्या बाईने मुलाला केमोथेरपीत पाहिले, तिचा नकार अज्ञानातून आलेला नव्हता. शिवाय टेरीच्या हृदयाचे स्नायू वाढलेले होते. त्रास जाणवला तर ताबडतोब थांबायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. बेटींची भीती वास्तवाला धरून होती. आपल्यावर सर्वांत आधी आईचा विश्वास बसेल असे टेरीला वाटले होते, आणि पहिल्यांदा निराश केले ते आपणच, असे पुढे बेटींनी स्वतः सांगितले.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सजवळ त्याने कृत्रिम पाय अटलांटिकमध्ये बुडवला आणि दोन बाटल्या समुद्राचे पाणी भरून घेतले. एक आठवणीसाठी, दुसरी व्हिक्टोरियाला पोचल्यावर पॅसिफिकमध्ये ओतण्यासाठी. दररोज सुमारे ४२ किलोमीटर, म्हणजे एक अख्खी मॅरेथॉन. मागे डग व्हॅन चालवी. दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गावाने दहा हजार डॉलर जमवले. दर माणशी एक डॉलर, हे टेरीचे देशापुढचे गणित झाले. इतरत्र मात्र लोकांना पत्ताच नसे. दोघा मित्रांत इतके खटके उडाले, की नोव्हा स्कॉशियात पोचेतो बोलणे जवळपास बंद झाले होते. तेव्हा मध्ये राहायला म्हणून घरातून धाकटा भाऊ डॅरेल निघाला. तो होता सतरा वर्षांचा. विरोध करणाऱ्या आईचा आता दुसरा मुलगाही रस्त्यावर होता.

क्वेबेकमध्ये भाषेची अडचण होती, रस्त्यावर मोटारी त्याला कडेला दाबत. तिथे हुरूप आणला तो आणखी एका बापाने. फोर सीझन्स हॉटेलांचे मालक इसाडोर शार्प यांचा मुलगा १९७८ साली कर्करोगाने गेला होता. त्यांनी टेरीच्या राहण्याजेवणाची सोय केली, दर मैलाला दोन डॉलर कबूल केले आणि इतर उद्योगपतींनाही तसे करायला लावले. ११ जुलैला टोरंटोच्या चौकात दहा हजार माणसे त्याच्या स्वागताला जमली.

या गर्दीची दुसरी बाजूही होती. टेरी डॉक्टरांना टाळत होता. बाविसाव्या वाढदिवशीही तो धावला. धावण्याने आजार बळावला का, हा प्रश्न पुढे विचारला गेलाच. हजारो किलोमीटर दूर बसलेल्या आईबापांच्या हाती अशा वेळी काय असते? सज्ञान मुलाला आवरता येत नाही, आणि त्याने स्वतःच्या नावाने देश गोळा केला असेल तर त्याहून नाही.

१ सप्टेंबरला थंडर बेजवळ छातीत दुखू लागले. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. तोवर सतरा लाख डॉलर जमले होते. आठवडाभरात झालेल्या दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमाने एक कोटीहून अधिक जमवले, आणि फेब्रुवारी १९८१पर्यंत आकडा दोन कोटी एकेचाळीस लाखांच्या पुढे गेला. कॅनडाची लोकसंख्या तेवढीच होती. दर माणशी एक डॉलर झाला. टेरी २८ जून १९८१ रोजी गेला, तेविसाव्या वाढदिवसाला एक महिना उरला असताना.

इथे बहुतेक हकिकती संपतात. बेटींचे काम इथून सुरू होते. आजारी टेरीला शार्प यांनी तारेने कळवले होते, की त्याच्या नावाने दरवर्षी दौड होईल. पहिली १३ सप्टेंबर १९८१ला झाली, तीन लाख माणसे आली. टेरीने आपल्या नावावर माल खपवू पाहणाऱ्या कंपन्यांची मदत नाकारली होती, स्वतःसाठी पैसा घेतला नव्हता. ही अट मुलगा जिवंत असताना पाळणे सोपे. तो गेल्यावर त्याचा चेहरा विकायला मागणारे वाढतात. बेटींनी ती अट सैल होऊ दिली नाही. दौडीत स्पर्धा नाही, विजेता नाही, प्रवेशमूल्य नाही, प्रायोजकांच्या जाहिरातींनी भरलेले शर्ट नाहीत. १९८८पासून टेरी फॉक्स फाउंडेशन स्वतंत्रपणे हे काम पाहू लागले. जाहीर बोलण्याची सवय नसलेल्या या बाई शाळाशाळांतून मुलांशी बोलत फिरल्या, वर्षानुवर्षे. ज्याला जाऊ नको म्हटले त्याचीच गोष्ट सांगत. ही दौड देशाबाहेर गेली, आपल्या मुंबईतही भरली. आजवर तिच्यातून ८५ कोटी डॉलरहून अधिक निधी उभा राहिला आहे.

२०१०च्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला ध्वज वाहणाऱ्या आठ जणांत बेटी होत्या. महिन्याभराने, १२ मार्चला, पॅरालिंपिकची ज्योत घेऊन बेटी आणि रोली दोघे मिळून व्हँकुव्हरच्या स्टेडियममध्ये आले. हे शहर पॅसिफिकच्या काठावर आहे. पुढच्या वर्षी, १७ जून २०११ रोजी, बेटी वारल्या. दौडीचे काम तोवर मुलांनी अंगावर घेतलेले होते. व्हॅनमधून गेलेला डॅरेल त्यांतलाच एक.